श्रीमंती दाखवायची कोणाला? संपत्तीचे प्रदर्शन आणि समाजासमाजांतील फरक

निरीक्षण (धागालेखक)

संपत्तीच्या प्रदर्शनाचा विषय निघाला की आपण फार लवकर समाजांच्या दोन रांगा लावून मोकळे होतो. एका रांगेत भपक्याची हौस असणारे समाज आणि दुसऱ्या रांगेत साधेपणाने राहणारे समाज. पहिल्यांना उथळ म्हणायचे, दुसऱ्यांना प्रगल्भ म्हणायचे, की चर्चा संपली. या विषयावरचे जसजसे अधिक वाचत गेलो, तसतशी ही विभागणी मला अपुरी आणि पुष्कळदा अन्यायकारक वाटू लागली. इथल्या जाणकारांशी त्यावर सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात थॉर्स्टीन वेब्लेनपासून करणे भाग आहे. नॉर्वेहून अमेरिकेत स्थायिक झालेल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. वस्तू उपयोगी आहे म्हणून नव्हे, तर ती घेण्याची आपली ऐपत आहे हे चारचौघांना दिसावे म्हणून माणसे खर्च करतात, एवढे त्याचे म्हणणे सर्वांना ठाऊक असते. त्याच मांडणीतला दुसरा भाग मात्र सहसा कोणी उद्धृत करत नाही, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. वेब्लेनच्या मते शहरातली माणसे खेड्यातल्या माणसांपेक्षा दिसणाऱ्या गोष्टींवर जास्त खर्च करतात, कारण खेड्यात कोणाकडे किती शिल्लक आहे हे शेजारपाजारच्या बोलण्यातून सर्वांना आधीच कळलेले असते. शहरात समोरून येणारा माणूस अनोळखी असतो. त्याच्या नजरेला पडेल तेवढाच पुरावा त्याच्या उपयोगाचा असतो. म्हणजे खेडूत स्वभावतः विरक्त आणि शहरी माणूस स्वभावतः बढाईखोर असे काही नाही. पाहणाऱ्याला आपल्याविषयी आधीच काय ठाऊक आहे, यावर आपण काय दाखवतो हे ठरते.

हाच धागा अ‍ॅडम स्मिथच्या १७७६ सालच्या ग्रंथातही सापडतो. त्याच्या काळी इंग्लंडमधल्या साध्या मजुरालाही लिननचा (जवसाच्या झाडाच्या धाग्याचा) सदरा घातल्याशिवाय चारचौघांत जाणे लाजिरवाणे वाटे, आणि चामड्याचे जोडे तिथे स्त्री-पुरुष दोघांनाही आवश्यक मानले जात. स्कॉटलंडमध्ये ते फक्त पुरुषांना आवश्यक होते, गरीब स्त्री अनवाणी फिरली तरी तिची अब्रू जात नसे. फ्रान्समध्ये तर दोघांनाही त्यांची सक्ती नव्हती. जोडे तेच, पाय तेच. पण एका देशात त्यांच्या अभावातून दारिद्र्याची ग्वाही मिळे आणि शेजारच्या देशात काहीच कळत नसे. ज्याला आपण वरवर पाहून दिखावा म्हणतो, त्यातला बराचसा भाग निव्वळ मान खाली घालावी लागू नये म्हणून केलेला असतो, हे स्मिथच्या या उदाहरणाइतके स्वच्छ मला अन्यत्र कुठे आढळले नाही.

आता अलीकडचे एक संशोधन पाहू. केर्विन चार्ल्स, एरिक हर्स्ट आणि निकोलाय रुसानोव्ह यांनी २००९ साली अमेरिकेतील कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सारखेच उत्पन्न असलेल्या कुटुंबांची तुलना केली, तर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कुटुंबे कपडे, दागिने आणि मोटारी यांवर गौरवर्णीयांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक खर्च करत होती. हे वाचून अनेकजण लगेच संस्कृतीचा दाखला देतील. संशोधकांनी मात्र पुढचा प्रश्न विचारला : ज्या गटात आपली गणना होते, त्या गटाचे सरासरी उत्पन्न किती? तो घटक हिशेबात घेतल्यावर वंशावंशांतला फरक बव्हंशी नाहीसा झाला. ज्या राज्यांत गौरवर्णीयांचे उत्पन्न कमी आहे तिथले गौरवर्णीयही दिसणाऱ्या वस्तूंवर अधिक खर्च करताना आढळले. आपल्याकडे पाहणारा माणूस आपल्याला गरीब समजून चालेल अशी धास्ती जिथे असते, तिथे गरीब नसल्याचा पुरावा सतत अंगावर वागवावा लागतो; ज्याच्याविषयी लोक आधीच चांगला ग्रह करून बसलेले असतात, त्याला साधेपणा परवडतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, कोणता समाज किती दिखाऊ आहे हे विचारण्याआधी, त्या समाजात दाखवणारा आणि पाहणारा यांचे नाते काय आहे, हे विचारले पाहिजे. ओळख, संशय, जुना अपमान, सत्तेची भीती, बरोबरीची अपेक्षा अशा अनेक गोष्टी या नात्यात येतात. आपली मते आणि विशेषतः याच्या विरोधात जाणारी उदाहरणे वाचायला आवडतील.


कासवगती

धागा आवडला. आपण म्हणता त्याला बळकटी देणारे एक उदाहरण मला सुचते. ते प्रसिद्ध आहे, पण बहुतेक वेळा चुकीच्या अर्थाने सांगितले जाते.

कॅनडा आणि अलास्का यांच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व, हैडा, ट्लिंगिट आदी आदिवासी समाजांत पॉटलॅच नावाचा समारंभ असतो. जन्म, विवाह, मृत्यू किंवा एखादे मानाचे नाव धारण करणे अशा प्रसंगी यजमान पाहुण्यांना बोलावतो, आपल्या घराण्याचे हक्क नृत्य-मुखवट्यांतून सर्वांसमोर मांडतो आणि मग साठवलेले धन वाटून टाकतो. पाहुण्यांनी देणगी स्वीकारली, म्हणजे त्यांनी त्याचा हक्क मान्य केला. पाहुणे इथे साक्षीदार असतात, आणि देणगी हे त्या साक्षीचे मोल असते. म्हणजे श्रीमंती दिसते ती घरात काय उरले यावरून नव्हे, तर हातून किती सुटले यावरून.

या व्यवहारातली सर्वांत विलक्षण वस्तू म्हणजे तांब्याचा पत्रा. ढालीसारखा आकार, वरचा भाग पसरट, खालच्या भागावर मधोमध उभा उंचवटा, आणि दर्शनी बाजूवर कोरलेले किंवा रंगवलेले कुलचिन्ह. प्रत्येक पत्र्याला स्वतःचे नाव असे, स्वतःचा इतिहास असे, आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याचे मोल वाढत जाई. एखाद्या सरदाराने प्रतिस्पर्ध्यासमोर अशा पत्र्याचा तुकडा तोडला, तर ते आव्हान ठरे. प्रतिस्पर्ध्याने तेवढ्याच मोलाचा पत्रा तोडला नाही, तर त्याची नाचक्की होई.

हे पाहून तत्कालीन मिशनरी आणि सरकारी अधिकारी हादरले. काटकसर शिकत नाहीत, संपत्ती साठवत नाहीत, म्हणून हे लोक सुधारणार नाहीत असे ठरवून कॅनडाच्या सरकारने १८८४ साली कायद्यात दुरुस्ती करून पॉटलॅचवर बंदी घातली. १९२१ साली व्हिलेज आयलंडवर झालेल्या एका मोठ्या समारंभानंतर ४५ जणांवर आरोप ठेवले गेले. मुखवटे आणि तांब्याचे पत्रे सरकारजमा करा, मग शिक्षा स्थगित होईल, अशी अट घालण्यात आली. तरीही अनेकांना तुरुंगात जावे लागले. त्या वस्तू संग्रहालयांत आणि खासगी संग्राहकांकडे गेल्या. बंदी १९५१ साली कायद्यातून वगळली गेली, आणि वस्तू परत मिळवण्याचा लढा त्यानंतरही अनेक दशके चालला.

चुकीचा अर्थ कुठे लावला जातो ते आता सांगतो. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिलेला अतिभव्य, ईर्ष्येचा पॉटलॅच हाच या समाजाचा अनादि स्वभाव आहे असे धरले जाते. पण हेलन कोडेर या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने १९५० साली दाखवले की ती भव्यता त्या काळाची निपज होती. देवी आणि इतर रोगांच्या साथींनी लोकसंख्या भयानक घटली होती. मानाची पदे तेवढीच राहिली आणि वारस मात्र उरले नाहीत. दुसरीकडे फरांचा व्यापार आणि मजुरी यांतून पैसा, आणि विशेषतः हडसन्स बे कंपनीची घोंगडी, पूर्वी कधी नव्हती इतकी हाती येऊ लागली. रिकाम्या पदांवर दूरचे नातलग हक्क सांगू लागले, आणि ज्याचा हक्क वादग्रस्त त्याला साक्षीदार अधिक लागणारच. मानाच्या पदांचा क्रम निश्चित होता तेव्हा समारंभ आटोपशीर होते. क्रम डळमळीत झाला तेव्हा ते फुगले. आपल्या मूळ मुद्द्यात मी एवढीच भर घालीन की, पाहणारा अनोळखी असण्याची गरज नाही. सर्वजण एकमेकांना पिढ्यान्पिढ्या ओळखत असले, तरी स्थान अनिश्चित झाले की प्रदर्शन वाढते.


दक्षिणवारा

दोन्ही लेखन मनापासून वाचले आणि त्यातून पुष्कळ समजले. तरीही या समजूतदारपणाबद्दल मला थोडी काळजी वाटते. प्रदर्शनामागची कारणे उलगडली, की प्रदर्शन जणू निर्दोष ठरते. ज्याच्या खिशातून हा पैसा जातो त्याच्याकडेही पाहायला हवे.

दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांताच्या ग्रामीण भागात अ‍ॅन केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंत्यविधींच्या खर्चाचा अभ्यास केला. घरातील प्रौढ व्यक्तीच्या अंत्यविधीवर सरासरी सुमारे तिथल्या एका माणसाच्या वर्षभराच्या उत्पन्नाइतका खर्च होत होता. तोही एड्सच्या साथीच्या काळात, जेव्हा मरणारे बहुधा कमावत्या वयाचे होते. म्हणजे कमावणारा गेला त्याच महिन्यात उरलेल्या माणसांवर वर्षभराच्या कमाईचा भार. शवपेटी, मंडप, सर्व येणाऱ्यांची व्यवस्था यांत कसर केली, तर मृताचा अनादर झाला असे गाव म्हणणार. ऋण काढून सण करणाऱ्याला आपण नावे ठेवतो. इथे तर सणही नाही, सुतक आहे, आणि तरी ऋण टळत नाही. ज्या घराने काही काळ आधी आजाऱ्याच्या औषधपाण्यासाठी हात राखून खर्च केला असेल, त्याच घराला मृत्यूनंतर हात राखता येत नाही, कारण औषध घराच्या आत दिले जाते आणि अंत्यविधी गावासमोर होतो.

शिवाय प्रदर्शनाचा भार फक्त करणाऱ्यावर पडत नाही. नेदरलँड्समध्ये पोस्टाच्या सांकेतिक क्रमांकावर चालणारी एक सोडत आहे. निवडलेल्या गल्लीत ज्यांनी तिकीट घेतले असेल त्यांना रोख रक्कम मिळते आणि पुढील अभ्यासाच्या काळी त्यांच्यापैकी एकाला नवी बीएमडब्ल्यू मोटारही मिळे. पीटर कून आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले की, तिकीट न घेतलेल्या लगतच्या शेजाऱ्यांमध्येही त्यानंतर मोटार खरेदी करण्याचे प्रमाण वाढले. शेजाऱ्यांच्या उत्पन्नात एका पैशाचीही भर पडली नव्हती, फक्त समोरच्या दारात नवी गाडी उभी राहिली होती. कॅनडातील सोडतींच्या अभ्यासात याहून गंभीर गोष्ट आढळली : बक्षीस जितके मोठे, तितके विजेत्याच्या शेजारपाजारी दिवाळखोरीचे अर्ज अधिक. आणि दिवाळखोर झालेल्या त्या शेजाऱ्यांकडे घर, मोटार यांसारखी दिसणारी मालमत्ता जास्त आढळली, न दिसणारी शिल्लक मात्र नाही. नेदरलँड्स आणि कॅनडा हे दोन्ही देश आपल्या पहिल्या ढोबळ विभागणीत साधेपणाच्या रांगेत बसले असते.


निरीक्षण

दक्षिणवारा, आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. एखाद्या गोष्टीचे कारण समजणे आणि तिचे समर्थन करणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर माझ्या लेखनात स्पष्ट व्हायला हवे. औषध घराच्या आत आणि अंत्यविधी गावासमोर, हे आपले वाक्य या सगळ्या चर्चेचा गाभा आहे असे मला वाटते. ज्या खर्चाला साक्षीदार नसतात तो आधी कापला जातो. अमेरिकेतील ज्या अभ्यासाचा मी उल्लेख केला त्यातही हेच दिसते, कारण दिसणाऱ्या वस्तूंवरचा जादा खर्च शिक्षण आणि आरोग्य यांसारख्या बाबींतून वळवलेला असतो.

आपण दिलेल्या नेदरलँड्सच्या उदाहरणात एक बारकावा जोडतो. त्याच अभ्यासात शेजाऱ्यांच्या समाधानाविषयीही विचारले होते, आणि विजेत्यांच्या शेजारी राहिल्याने ते घटल्याचे आढळले नाही. खरेदी वाढली, पण मनात सल राहिला असे दिसले नाही. त्यामुळे यामागे मत्सरच असतो असे सरसकट म्हणू नये.


जुनी वही

सत्तेची भीती हा शब्दप्रयोग धागालेखकांनी ओझरता केला आहे. इतिहासात तो अधिक जागा मागतो.

संपत्तीचे प्रदर्शन नेहमी स्वेच्छेने होते हे गृहीतच तपासले पाहिजे. जपानच्या तोकुगावा राजवटीने १६३५ साली दाइम्यो सरदारांवर सांकिन कोताई ही व्यवस्था बंधनकारक केली. सरदाराने आलटून पालटून काही काळ आपल्या प्रांतात आणि काही काळ एदो (आजचे टोकियो) या राजधानीत राहायचे. पत्नी आणि वारस मात्र कायम एदोतच. प्रत्येक खेपेला दर्जाला साजेसा लवाजमा घेऊन शेकडो मैलांचा प्रवास, आणि वर राजधानीत इतमामाचे वाडे सांभाळायचे. मोठ्या सरदारांच्या मिरवणुकीत हजारो माणसे असत. उत्पन्नाचा फार मोठा वाटा यातच खर्ची पडे, आणि बंडासाठी लागणारा पैसा हाती उरत नसे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६८२ साली दरबार व्हर्सायला हलवल्यावर तिथल्या उमरावांचीही काहीशी अशीच कोंडी झाली. राजाच्या नजरेसमोर राहायचे तर त्या दरबाराला शोभेल असे राहावे लागे, आणि त्यासाठी लागणारे कर्ज त्यांना राजकृपेवर अधिकच अवलंबून ठेवी. या दोन्ही ठिकाणी भपका हा सरदारांचा मिजास म्हणून पाहिला जातो. तो वस्तुतः त्यांच्या गळ्यातला लगाम होता.

जपानच्या याच तोकुगावा राजवटीने व्यापाऱ्यांच्या बाबतीत नेमके उलटे धोरण ठेवले. व्यापारी दर्जाने खालचे, पण पैशाने वरचढ होऊ लागले, म्हणून त्यांनी काय नेसावे, कोणते रंग वापरावेत, घर कसे असावे यावर पुन्हापुन्हा फर्माने निघाली. ओसाकाच्या योदोया या बलाढ्य व्यापारी घराण्याची सारी मालमत्ता १७०५ साली सरकारने जप्त केली; दर्जा सोडून ऐषआरामात राहिल्याचा ठपका ठेवण्यात आला. अनेक सरदार त्या घराण्याचे कर्जदार होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

याचा परिणाम साधेपणात झाला का? वरवर पाहता झाला. एखाद्या सधन व्यापाऱ्याची हाओरी, म्हणजे किमोनोवर घालायचा अंगरखा, डोळ्यांसमोर आणा. बाहेरून गडद करडे किंवा तपकिरी, बिननक्षीचे कापड. अंगरखा उतरवून बाजूला ठेवला की अस्तर दिसते, आणि त्या रेशमी अस्तरावर एखाद्या चित्रकाराने रंगवलेला पूर्ण देखावा असतो. तो रस्त्यावरच्या शिपायाला दिसत नाही, घरात बोलावलेल्या मित्राला क्षणभर दिसतो. करड्या आणि तपकिरी रंगांच्या इतक्या छटा त्या काळात निर्माण झाल्या की जाणकाराला त्यांतूनही दर्जा कळे. पुढे हा संयम लोकांना मनापासून आवडू लागला, आणि आज आपण त्याला जपानी अभिरुची म्हणून गौरवतो. तिची घडण दंडाच्या भीतीतून झाली हे सांगितल्याने तिचे सौंदर्य कमी होत नाही. परंतु साधेपणा हा त्या लोकांचा जन्मजात गुण होता, हा समज मात्र टिकत नाही.

उपभोगावर बंधने घालणारे कायदे जगात सर्वत्र होऊन गेले आहेत. रोममध्ये इसवी सनापूर्वी २१५ साली, युद्धाच्या ऐन धामधुमीत, स्त्रियांनी अर्ध्या औंसाहून अधिक सोने बाळगू नये असा कायदा झाला. वीस वर्षांनी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि केटो या वजनदार पुढाऱ्याचा कडवा विरोध असूनही तो रद्द झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन (कर्मठ प्रॉटेस्टंट पंथाच्या) वसाहतीने १६५१ साली असे ठरवले की ज्यांची मालमत्ता २०० पौंडांहून कमी आहे त्यांनी सोन्यारुप्याच्या लेसी लावू नयेत. या दुसऱ्या कायद्याचा खरा रोख साधेपणाकडे नाही हे त्या आकड्यावरूनच कळते, कारण २०० पौंडांच्या वर असणाऱ्याला मुभा आहे. चीड भपक्याची नव्हती. चीड होती ती खालच्याने वरच्यासारखे दिसण्याची. सोळाव्या शतकात फ्रेंच निबंधकार माँतेनने यावर नेमके बोट ठेवले होते : राजपुत्रांनाच मखमल नेसू द्या आणि इतरांना मना करा, म्हणजे इतरांना मखमलीची ओढ अधिकच लागेल.


रानवाट

इतका वेळ आपण प्रदर्शन होणाऱ्या समाजांविषयी बोलत आहोत. जिथे ते कटाक्षाने दाबले जाते अशा समाजाचेही एक उदाहरण पाहू.

कलहारी वाळवंटातील जुत्वांसी या शिकारी समाजात मोठी शिकार करून परतलेला माणूस गाजावाजा करत नाही. तो गप्प बसतो, विचारल्यावर काहीतरी किरकोळ मिळाले असे सांगतो. दुसऱ्या दिवशी मांस आणायला गेलेले सोबती त्या जनावराला नावे ठेवतात : हाडांचा सापळाच आहे, एवढ्यासाठी इतकी पायपीट कशाला करायची. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी एकदा नाताळासाठी सर्वांना मेजवानी म्हणून एक धष्टपुष्ट बैल विकत घेतला, तर जो भेटेल तो त्या बैलाला मरतुकडा म्हणू लागला. ली खूप अस्वस्थ झाले. पुढे त्यांना समजावून सांगण्यात आले की, तरुण माणूस भरपूर शिकार करू लागला की तो स्वतःला मोठा आणि बाकीच्यांना आपले आश्रित समजू लागतो. असा गर्व एक दिवस कोणाच्या तरी जिवावर उठेल, म्हणून त्याच्या शिकारीला कमी लेखून त्याचे डोके थंड ठेवायचे.

मला हे फार मोलाचे वाटते. कारण इथे साधेपणा आपोआप आलेला नाही. तो राखण्यासाठी रोज सर्वांना मिळून श्रम करावे लागतात. आणि ते शक्य होते, कारण सगळे एकमेकांसमोर राहतात आणि साठवून ठेवण्याजोगे फार थोडे असते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ब्राझाव्हिल आणि किन्शासा या काँगो नदीकाठच्या दोन राजधान्यांतले सापूर. बेताच्या मिळकतीची ही माणसे नामांकित युरोपीय शिंप्यांचे सूट, बूट, हातात काठी किंवा पाइप अशा थाटात वस्तीच्या कच्च्या रस्त्यांवरून चालत येतात, आणि वस्ती कौतुकाने पाहत उभी राहते. कोणते रंग एकत्र आणायचे, किती आणायचे, चालायचे कसे, बोलायचे कसे याचे दंडक असतात. वसाहतीच्या काळात मालकाच्या जुन्या कपड्यांत वावरणाऱ्या नोकरांपर्यंत याची मुळे जातात. १९७० च्या दशकात हुकूमशहा मोबुटूने झाईरमध्ये (किन्शासा राजधानी असलेल्या काँगोचे तेव्हाचे नाव) पाश्चात्त्य सूट आणि टाय यांना मनाई केली, तेव्हा गायक पापा वेंबा आणि त्यांचे चाहते तेच कपडे मिरवू लागले, आणि त्या मिरवण्याला हुकूमशाहीला दिलेल्या उत्तराचा अर्थ आला. सापूराला पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की हा श्रीमंत नाही. त्यामुळे धागालेखकांची व्याख्या इथे थोडी अपुरी पडते असे मला वाटते. इथे कोणीही कोणाला फसवत नाही. दाखवली जाते ती ऐपत नव्हे, तर मालकाच्या जातीतल्या माणसाइतकेच, किंबहुना त्याच्याहून देखणे राहण्याचा आपला हक्क.


मितभाषी

आजच्या अतिश्रीमंतांविषयी थोडेसे. यंग जी हान, जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए द्रेझ यांनी २०१० साली महागड्या हातपिशव्या, बूट आणि मोटारी यांवरील बोधचिन्हांचा अभ्यास केला. एकाच कंपनीच्या मालात किंमत जसजशी वाढत जाते, तसतसे बोधचिन्ह लहान होत जाते किंवा दिसेनासे होते, असे त्यांना आढळले. मोठे चिन्ह त्यांच्यासाठी, ज्यांना श्रीमंतांत आपली गणना व्हावी असे वाटते. गर्भश्रीमंतांना फक्त एकमेकांनी ओळखावे एवढेच हवे असते, आणि ती ओळख शिवणीवरून, चामड्याच्या पोतावरून पटते.

सतराव्या शतकातील डच व्यापाऱ्यांची चित्रे पाहून आपण म्हणतो की किती साधे काळे कपडे घालत ही माणसे. दाट, न विटणारा काळा रंग मिळवणे त्या काळी कठीण आणि खर्चिक होते. पांढरीशुभ्र गळपट्टी धुऊन, खळ देऊन, चुण्या पाडून ठेवायला नोकर लागत. ज्याला कापड कळते त्याला ते चित्र चांगलेच बोलके वाटले असणार. तेव्हा समाज साधा झाला म्हणजे प्रदर्शन थांबले असे नव्हे. पाहणाऱ्यांचे वर्तुळ लहान झाले, आणि त्या वर्तुळात शिरायला पैशाबरोबर संस्कारही लागू लागले. समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यूने १९७९ साली फ्रेंच समाजाविषयी हेच दाखवले होते. मला तर हे उघड्या भपक्यापेक्षा अधिक कठोर वाटते, कारण पैसा एका पिढीत मिळू शकतो, अभिरुची मिळवायला बालपणच तसे असावे लागते.


दक्षिणवारा

आता नॉर्वेचा विषय यायलाच हवा, कारण साधेपणाचा विषय निघाला की स्कँडिनेव्हियाचा दाखला हमखास दिला जातो. आक्सेल सान्देमोसे यांच्या १९३३ सालच्या कादंबरीतल्या यांते या काल्पनिक गावाचे दहा नियम तिथे सर्वांना ठाऊक आहेत. तू कोणी विशेष आहेस असे समजू नकोस, हा त्यांचा मथितार्थ. पुष्कळदा ते आदर्श म्हणून सांगितले जातात. लेखकाने मात्र माणसाला चिरडणाऱ्या गावाचे चित्र म्हणून ते लिहिले होते.

नॉर्वेमध्ये प्रत्येकाचे करपात्र उत्पन्न सार्वजनिक असते. पूर्वी ते पाहण्यासाठी कार्यालयात जाऊन यादी चाळावी लागे. २००१ पासून ते इंटरनेटवर नाव घालून कोणालाही पाहता येऊ लागले. धागालेखकांच्या तर्काप्रमाणे, सर्वांचे उत्पन्न सर्वांना कळले की दाखवण्याची गरज उरू नये आणि मनःशांती वाढावी. रिकार्दो पेरेझ-त्रुगलिया यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटे चित्र आहे. २००१ नंतर श्रीमंत आणि गरीब यांच्या आनंदीपणातली दरी २९ टक्क्यांनी रुंदावली. यादीनेच प्रदर्शनाचे काम केले. ज्याने आयुष्यभर साधी राहणी ठेवली त्याचीही श्रीमंती आता शेजाऱ्याच्या पडद्यावर दिसू लागली, आणि ज्याने आपली ओढाताण झाकून ठेवली होती त्याला ते झाकण उरले नाही. २०१४ पासून नियम बदलला : आपली माहिती कोणी पाहिली हे ज्याची माहिती पाहिली त्याला कळू लागले. त्याबरोबर शोधांची संख्या एकदम घसरली.


निरीक्षण

दक्षिणवारा आणि रानवाट, आपण दोघांनी माझ्या मांडणीतली उणीव दाखवली, आणि मला ती मोलाची वाटते. नॉर्वेच्या उदाहरणावरून दिसते की पाहणाऱ्याचे अज्ञान हे प्रदर्शनाचे एक कारण असले, तरी अज्ञान दूर केल्याने तुलना थांबत नाही. सापूरांच्या उदाहरणावरून दिसते की ऐपतीचा पुरावा देणे हाही एकमेव हेतू नसतो. सन्मानाचा प्रश्न या दोन्हींत समान आहे. यापुढे मला एक गोष्ट विचारायची आहे. ज्या समाजात खर्चाचा भार खरोखर असह्य झाला आहे, तिथे बाहेरून किंवा वरून काही करता येते का? जुनी वही यांनी सांगितलेला इतिहास फारसा आशादायक नाही.


जुनी वही

इतिहास आशादायक नाही हे खरे, पण सगळे कायदे एका मापाने मोजू नयेत. अमेरिकेत १९९१ पासून महागड्या नौकांवर चैनीचा कर लागू झाला. मागणी घटली, नौका बांधणाऱ्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्याची ओरड झाली, आणि १९९३ साली तो रद्द झाला. तो कर ज्यांच्यावर होता त्यांनी तो कधी मागितला नव्हता, आणि ज्यांना तो टाळायचा होता त्यांना चैनीचे दुसरे मार्ग मोकळे होते.

ताजिकिस्तानने २००७ साली केलेला कायदा वेगळ्या जातीचा आहे. लग्ने आणि इतर विधींना किती माणसे बोलवावीत, समारंभ किती वेळ चालावा यांवर त्याने मर्यादा घातल्या. राज्यसंस्थेने घराच्या उंबरठ्याच्या आत इतके शिरावे का, हा आक्षेप रास्त आहे, आणि तोही अशा राजवटीत जिथे नागरिकांना विरोध करण्याची मोकळीक फारशी नाही. पण अशा मर्यादेने एक गोष्ट साधते, जी उपदेशाने साधत नाही. एकट्या घराने खर्च कमी केला तर त्याला कंजूष किंवा कंगाल ठरवले जाते. मर्यादा सर्वांवर पडली की कमी खर्चातून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. मॅसॅच्युसेट्सचा कायदा दर्जाच्या भिंती जपण्यासाठी होता म्हणून तो द्वेषास पात्र होता. सर्वांना एकच मर्यादा घालणारा कायदा निदान त्या दोषातून मुक्त असतो.


दक्षिणवारा

यावर एक व्यावहारिक गोष्ट सुचवते. मी ज्या अंत्यविधींविषयी लिहिले, त्या दक्षिण आफ्रिकेत लोकांनी स्वतः उभारलेली अंत्यसंस्कार मंडळे फार मोठ्या संख्येने आहेत. सभासद दरमहा वर्गणी भरतात, आणि घरात मृत्यू झाला की मंडळ मदतीला उभे राहते. त्यामुळे सावकाराचे दार टाळता येते, हा फार मोठा आधार आहे. परंतु ही मदत पुष्कळदा शवपेटी, शिधा, भांडी, माणसे अशा स्वरूपात येते, म्हणजे ती अंत्यविधीवरच खर्च होते. मंडळांनी आपल्याच सभेत ठरवून या मदतीतला काही भाग मागे राहिलेल्या मुलांच्या शाळेसाठी राखून ठेवला, तर त्या घराला गावासमोर काटकसर केल्याचा ठपका येणार नाही, कारण तो निर्णय त्या घराचा नसेल, मंडळाचा असेल. हा निर्णय सरकारने न घेता त्याच गावातल्या माणसांनी घेणे मला अधिक योग्य वाटते, कारण अंत्यविधीला साक्षीदार म्हणून उभे राहणारेही तेच आहेत.